कुत्र्याचं आजारपण वेळीच कसं ओळखायचं? (खान्देशातल्या कुत्रेवाल्यांसाठी)

तापीकाठ (रावेर)
सोमवार, रात्री ९:१०

दर उन्हाळ्यात, आणि पुन्हा पावसाळा ओसरताना, ओळखीतल्या कुणा ना कुणाचा फोन येतोच, कुत्रं गेलं म्हणून. केळीच्या मळ्यात राखणीला ठेवलेलं गावठी असो की भुसावळच्या फ्लॅटमधलं लॅब्रॅडोर, मालकाचं वाक्य ठरलेलं: "अहो, कालपर्यंत तर चांगलं होतं." मला ते पटत नाही. चांगलं नव्हतं, चांगलं दिसत होतं. दुखणं अंगावर काढायचं हा कुत्र्याचा स्वभावच आहे. पार आडवं पडेपर्यंत ते तुमच्यासमोर शेपूट हलवत राहतं.

मी डॉक्टर नाही. वडिलांच्या काळापासून घरात कुत्री आहेत, त्यातून लागलेली सवय सांगतो. आपल्या कुत्र्याचं रोजचं वागणं माहीत पाहिजे. भाकरी किती वेळात संपवतो, पाण्याचं भगुनं दिवसात कितीदा भरावं लागतं, झोपतो कुठे, अनोळखी मोटारसायकल आली की कुठपर्यंत धावत जातो. बांधापर्यंत धावणारा कुत्रा ओट्यावर बसूनच भुंकायला लागला, की माझ्या लेखी आजारपण तिथे सुरू झालं. ताप, उलटी हे नंतरचं.

दुसरी सवय हिरड्या बघण्याची. ओठ वर करून बोटाने हिरडी दाबायची आणि सोडायची. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी झाला पाहिजे. हिरड्या काळ्या असतील (आपल्या गावठ्यांच्या बऱ्याचदा असतात) तर डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघा. फिका, पिवळा, जांभळट, विटकरी लाल, यातलं काहीही चांगलं नाही.

तुमच्याकडे काय बघता, काय चुकतं, लिहा. नाशिक-पुण्यासारखी चोवीस तास उघडी प्राण्यांची हॉस्पिटलं आपल्या तालुक्यांत नाहीत, त्यामुळे कधी थांबायचं आणि कधी गाडी काढायची हे घरातल्यालाच ठरवावं लागतं.

---

भरीतप्रेमी (जळगाव)
सोमवार, रात्री ९:३२

वाचनखूण साठवली. आमची आजी म्हणायची, "कुत्रा ताक बी पेस नही, म्हंजे त्याले काहीतरी व्हयेल शे." सगळं निदान त्यात आलं.

एक भर घालतो. कुत्रा गाढ झोपलेला असताना छातीचे वरखाली होणारे श्वास मोजा. तीस सेकंद मोजून दुप्पट करा. मिनिटाला ३० च्या खाली असायला हवेत. थंड जागी, शांत झोपेतही रोज ३० च्या वर जात असतील तर हृदय किंवा फुप्फुसाची तपासणी करून घ्या. आमच्या म्हाताऱ्या पॉमेरेनियनचं हृदयाचं दुखणं असंच कळलं, खोकला सुरू व्हायच्या बरंच आधी. जागेपणी मोजू नका, आपल्या उन्हाळ्यात सगळीच कुत्री धापा टाकतात.

---

मोत्याची_माय (पाचोरा तालुका)
सोमवार, रात्री १०:०५

बरं झालं धागा निघाला. आमचा मोत्या चार वर्षांचा, गावठी, शेतावर असतो. कालपासून भाकरीला तोंड लावत नाही, दूध तेवढं चाटतो. गोठ्याच्या कोपऱ्यात जाऊन बसलाय, हाक मारली तर मान वर करतो पण उठत नाही. कानात आणि पायांच्या बोटांमध्ये गोचीड भरपूर. सासरे म्हणतात उन्हामुळे आहे, दोन दिवसांत येईल लाइनीवर. काय करू?

---

तापीकाठ
सोमवार, रात्री १०:११

ताई, आत्ता हिरड्या बघा. आणि घरात डिजिटल थर्मामीटर असेल तर टोकाला तेल लावून गुदद्वारातून ताप घ्या. नाक गरम की गार यावर जाऊ नका, त्यातून काहीच कळत नाही. कुत्र्याचं तापमान मुळात आपल्यापेक्षा जास्त असतं, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. १०३ च्या वर गेलं, आणि तेही रात्रीच्या गारव्यात, तर ते उन्हाचं नाही.

---

मोत्याची_माय
सोमवार, रात्री १०:४०

१०४.२ आहे. हिरड्या काळ्याच आहेत त्याच्या, पण पापणीच्या आत पांढरट दिसतंय. पोटावर केस कमी असतात तिथे टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके आहेत. मला वाटलं पिसवा चावल्या.

---

पशुवैद्य_धुळे
सोमवार, रात्री ११:०२

ताई, पिसवा चावल्याचा ठिपका बोटाने दाबला की क्षणभर नाहीसा होतो. दाबूनही तसाच राहिला तर ते कातडीखालचं रक्त आहे. गोचीड, ताप, फिका रंग आणि असे ठिपके एकत्र असले की पहिला संशय गोचीड तापाचा. उद्या सकाळी पहिल्या वेळेला दवाखाना गाठा. आज रात्री नाकातून रक्त आलं (घोळणा फुटल्यासारखं), किंवा लघवी कॉफीसारखी काळपट झाली, किंवा तो उभाच राहू शकला नाही, तर सकाळचीही वाट बघू नका.

इतरांसाठी जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्या तिन्ही जिल्ह्यांत कुत्र्यांचं हे फार नेहमीचं दुखणं आहे. आपण सरसकट 'गोचीड ताप' म्हणतो त्यात मुख्यतः दोन वेगळे आजार येतात. एक एर्लिकिया. हा जिवाणू पांढऱ्या पेशींत शिरतो आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट घटवतो. दुसरा बबेसिया. हा परजीवी तांबड्या पेशी फोडतो, म्हणून रक्त कमी होतं, कावीळ होते, लघवी काळपट होते. कधीकधी दोन्ही एकाच वेळी असतात. औषधं वेगळी आहेत, म्हणून नुसत्या अंदाजाने इंजेक्शन टोचून भागत नाही, रक्त बघावं लागतं.

एर्लिकियाची फसवी गोष्ट अशी. गोचीड चावल्यावर एक ते तीन आठवड्यांनी ताप येतो, कुत्रा काही दिवस मलूल राहतो, गळ्याखालच्या आणि गुडघ्यामागच्या गाठी सुजतात. मग बऱ्याच वेळा उपचाराशिवायच तो पुन्हा खायला लागतो. घरचे म्हणतात, बरा झाला. आजार मात्र आत राहतो, महिनोन्‌महिने, क्वचित वर्षंही. नंतर एक दिवस नाकातून रक्त सुरू होतं, तोवर काहींच्या अस्थिमज्जेनेच (हाडांतला मगज, जिथे रक्तपेशी तयार होतात) हात टेकलेले असतात. म्हणून 'दोन दिवसांत आपोआप उठला' हे ऐकलं की मला समाधान वाटत नाही.

---

खळ्यावरचा (शहादा)
मंगळवार, सकाळी ७:२०

डॉक्टर साहेब रागावू नका, पण एवढ्या तपासण्या शेतकऱ्याला परवडतात का? आमच्याकडे गायीला गोचीड तापाचं इंजेक्शन देतात तेच थोडं कमी करून कुत्र्याला देतात. ताप असला तर पॅरासिटामॉल, दुखत असलं तर आपली दुखण्याची गोळी. अंगाला गुरांचं गोचिडाचं औषध. कुत्री जगतात. पूर्वी कुठे होते कुत्र्याचे डॉक्टर?

---

पशुवैद्य_धुळे
मंगळवार, सकाळी ८:०५

रागावत नाही, पण यातलं काहीही कुणी करू नये म्हणून स्पष्ट लिहितो.

गायीचं ते इंजेक्शन म्हणजे बहुतेक डिमिनॅझिन. बबेसियावर कुत्र्यालाही देतात, पण त्याचा योग्य डोस आणि विषारी डोस यांत अंतर फार कमी आहे. जास्त झालं तर मेंदूत रक्तस्राव होतो, कुत्रा लडखडतो, झटके येतात, आणि त्यावर उतारा नाही. 'थोडं कमी करून' म्हणजे किती, हे वजन केल्याशिवाय कुणी ठरवलं? शिवाय एर्लिकिया असेल तर त्यावर ते चालतच नाही.

आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या माणसांच्या गोळ्यांनी कुत्र्याच्या जठरात जखमा होतात, मूत्रपिंडं निकामी होतात. पॅरासिटामॉलही मनाने देऊ नका. प्लेटलेट आधीच कमी असलेल्या कुत्र्याला दुखण्याची गोळी दिली तर पोटातल्या पोटात रक्त वाहतं आणि शी डांबरासारखी काळी होते. आणि गुरांचं गोचिडाचं औषध गुरांच्या प्रमाणात कुत्र्यावर ओतलं की तो ते चाटतो, मग लाळ, थरथर, झटके.

परवडण्याचा मुद्दा मात्र खरा आहे, तो उडवून लावत नाही. सगळ्या तपासण्या कराव्याच लागतात असं नाही. काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं आणि रक्तपेशींची साधी मोजणी, एवढ्यावरही पुष्कळ कळतं. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कुत्रंही तपासतात, लोक फक्त गुरंच नेतात. फोनवर विचारायचं असेल तर १९६२ हा पशुसंवर्धनाचा टोल फ्री क्रमांक आहे.

---

लेवाची_लेक (फैजपूर, सध्या पुणे)
मंगळवार, सकाळी १०:४८

गोचिडाच्या गर्दीत माद्यांचा एक आजार हरवू नये म्हणून लिहिते. नसबंदी न केलेली मादी माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत अचानक खूप पाणी प्यायला लागली, जेवण कमी झालं, मागची बाजू सारखी चाटते आहे, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. मामाच्या घरच्या राणीला हेच झालं होतं. सगळ्यांना वाटलं गाभण आहे, पोट वाढतंय म्हणून मामी तिला तूप-भाकरी घालत होती. तिला पू बाहेर येतच नव्हता, तोंड बंद होतं गर्भाशयाचं. हा प्रकार जास्त घातक, कारण बाहेरून काही दिसत नाही आणि आतल्या आत फुटू शकतं. ऑपरेशन करून गर्भाशय काढलं, वाचली. आता सगळ्यांवर गुरकावते.

पाण्यावरून आठवलं, पाणी वाढणं हे फार बोलकं लक्षण आहे. ढोबळ हिशेब असा की दिवसाला किलोमागे १०० मिलिलिटरच्या वर पाणी म्हणजे जास्त. वीस किलोच्या कुत्र्याने दोन लिटरच्या वर प्यायलं तर मधुमेह, मूत्रपिंड, मादीत गर्भाशय, यांचा विचार करायचा. मे महिन्यात आणि सुकं कोरडं खाणं घालत असाल तर थोडं जास्त होणारच, ते धरून चला. म्हातारा कुत्रा घरात लघवी करायला लागला की लोक त्याला मारतात. बिचाऱ्याला रात्रभर धरवत नसतं.

---

भरीतप्रेमी
मंगळवार, सकाळी ११:१५

+१. आणि मूत्रपिंडाचा रिपोर्ट 'नॉर्मल' आला म्हणून फार निश्चिंत होऊ नका. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने रक्तातून गाळून टाकायचा कचरा) वाढलेलं दिसेपर्यंत मूत्रपिंडाचं जवळपास पाऊण काम गेलेलं असतं. रक्तासोबत लघवीही तपासायला सांगा.

---

आखाजी (चोपडा)
मंगळवार, दुपारी २:३०

आता उन्हाचं. जळगाव, भुसावळ, चोपडा पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो हे काही नवीन नाही. कुत्र्याला घाम येतो तो तळपायांपुरता, बाकी सगळी भिस्त जिभेवर. पग, बुलडॉग असली चपट्या नाकाची कुत्री इथे पाळणाऱ्यांना मी हात जोडते. पत्र्याच्या शेडखाली साखळीला बांधलेला कुत्राही तसाच मरतो, मग तो कितीही गावठी आणि काटक असो.

सुरुवात कशी ओळखायची? धापा थांबत नाहीत, जीभ रुंद होऊन बाजूला लोंबते, लाळ घट्ट तारेसारखी होते, हिरड्या लालभडक. मग चाल लडखडते, उलटी-जुलाब, डोळे स्थिर. लडखडला की ती अखेरची घंटा समजा. सावलीत घ्या, नळाचं साधं पाणी पोटावर, काखेत, जांघेत, पायांवर सतत ओता, पंखा लावा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, तो गरम होऊन उष्णता आत कोंडतो. तोंडात जबरदस्तीने पाणी ओतू नका. आधी गार करा, मग गाडीत घाला. ताप १०३ पर्यंत उतरला की पाणी थांबवा, नाहीतर तो खाली घसरत जातो. आणि उठून बसला तरी दवाखान्यात न्याच, कारण मूत्रपिंडाचा आणि रक्त गोठण्याचा बिघाड एक-दोन दिवसांनी वर येतो.

अवांतर: दुपारी डांबरी रस्त्यावर फिरवणाऱ्यांनी आधी स्वतः चप्पल काढून उभं राहून बघावं.

---

पांढरंसोनं (शिरपूर)
मंगळवार, दुपारी ४:०२

आमच्याकडे कपाशीच्या फवारणीत कुत्री जातात. फवारणीचं पाणी डबक्यात साचतं, ते पितात, नाहीतर रिकाम्या डब्या चाटतात. ऑर्गॅनोफॉस्फरस गटातलं औषध पोटात गेलं की लाळ गळते, डोळ्यांतून पाणी, बुबुळं टाचणीएवढी बारीक, अंगाचे स्नायू थरथरतात, जागेवर शी-लघवी होते. यावर उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन आहे, पण ते तासाभरात मिळायला हवं. उंदराच्या औषधाचं उलटं. केकसारखं मिळतं ते (ब्रोमॅडिओलोन) खाल्ल्यावर कुत्रा तीन-चार दिवस अगदी ठणठणीत असतो, मग धाप, फिकेपणा, रक्तस्राव. खाल्लं हे नक्की माहीत असेल तर लक्षणांची वाट बघूच नये, व्हिटॅमिन के१ लगेच सुरू केलं तर वाचतो. डबी, पाकीट, वेष्टन जे असेल ते सोबत न्या. मिठाचं पाणी पाजून उलटी करवायची पद्धत आहे गावाकडे, ती बंद करा. त्या मिठानेच मरतात काही.

---

आरोग्यसेविका_नंदुरबार
मंगळवार, संध्याकाळी ७:४४

सगळे कुत्र्याच्या जिवाबद्दल लिहीत आहेत, मी माणसांच्या बाजूने लिहिते. वर हिरड्या बघा, तोंड उघडा असं बरंच आलंय. ते आपल्या ओळखीच्या, लसीकरण झालेल्या कुत्र्याचं. लस नसलेला कुत्रा अचानक जबडा लोंबवून बसला, लाळ गळतेय, गिळता येत नाही, भुंकण्याचा आवाज बदललाय, तर लोकांना वाटतं घशात हाड अडकलं, आणि हात घालतात. पिसाळणं म्हणजे धावून चावणं एवढंच नसतं. गप्प पडून राहणारा, अंधारात जाऊन बसणारा, मागचे पाय ओढणारा रेबीजही असतो. प्रेमळ कुत्रा अचानक गुरकावतो, किंवा कुणाला जवळ न येऊ देणारा एकदम लाडात येतो, हा बदलही लक्षात घ्या.

चावला, ओरखडलं, किंवा जखमेला लाळ लागली तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही भरू नका. त्याच दिवशी दवाखाना. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं असतं, पण माणसाची लस त्यासाठी अडवून ठेवायची नसते. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. खोल जखम असेल, रक्त आलं असेल, तर लसीसोबत सिरमही (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, ते विचारून घ्या. लक्षणं दिसू लागली की पुढे जवळपास काहीच करता येत नाही.

---

खळ्यावरचा
मंगळवार, रात्री ८:१०

हे ताईंचं बाकी सोळा आणे खरं. गावात दरवर्षी एखादा तरी हाड काढायला जातो.

डॉक्टर, डिमिनॅझिनचं तुम्ही सांगितलं ते सालदाराला वाचून दाखवलं. आता पिल्लांचं विचारतो. दोन महिन्यांचं पिल्लू आणलंय, सकाळपासून फेसाळ उलट्या. जंत असतील का?

---

पशुवैद्य_धुळे
मंगळवार, रात्री ८:२६

जंत असू शकतात, पण लस झालेली नसेल तर पार्व्हो (पिल्लांच्या आतड्यांचा विषाणूजन्य आजार) गृहीत धरूनच निघा. आधी उलटी, मग एक-दोन दिवसांत रक्ताची, विशिष्ट घाण वासाची पातळ शी, हा त्याचा क्रम. पिल्लं विषाणूपेक्षाही अंगातलं पाणी संपल्याने जातात, आणि उलटी थांबत नसताना तोंडाने पाजलेलं साखर-मीठ पाणी पोटात टिकत नाही. सलाइन लावावंच लागतं. लवकर लावलं तर बरीच वाचतात.

दुसरं, त्या जागेवर पुढचे कित्येक महिने लस न झालेलं पिल्लू आणू नका, विषाणू मातीत आणि फरशीवर तग धरतो. फिनाइलने जात नाही. एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असं करून फरशी दहा मिनिटं ओली ठेवावी लागते. लस सहा ते आठ आठवड्यांपासून, दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. एक टोचून थांबतात लोक, तिथे गडबड होते. त्याच लसीने डिस्टेंपर या दुसऱ्या आजारापासूनही संरक्षण मिळतं. डोळ्या-नाकातून घट्ट पू, मग महिनाभराने जबड्याला चघळल्यासारखे झटके, हा तो आजार.

---

लेवाची_लेक
मंगळवार, रात्री ९:३७

डॉक्टर, गाठींबद्दलही एक ओळ लिहा ना. आणि मोठ्या जातींचं पोट फुगणं.

---

पशुवैद्य_धुळे
मंगळवार, रात्री ९:५५

गाठ हाताला लागली की सुईने पेशी काढून बघायच्या, 'चरबीची आहे' हे हाताने चाचपून सांगता येत नाही. मादीच्या सडांजवळची गाठ बोराएवढी असताना दाखवा. मोकाट फिरणाऱ्या कुत्र्यांत जननेंद्रियातून थेंब थेंब रक्त येतं, त्याला लोक माज समजतात, नरातसुद्धा (!). तो संसर्गाने पसरणारा ट्यूमर असतो आणि व्हिन्क्रिस्टिन या कर्करोगावरच्या औषधाच्या इंजेक्शनांनी बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो.

जर्मन शेफर्ड, डॉबरमन, ग्रेट डेन यांनी जेवणानंतर ओकायचा प्रयत्न केला आणि बाहेर काहीच येत नाही, पोट ढोलासारखं ताणलंय, अस्वस्थ फेऱ्या मारतोय, तर जठराला पीळ पडलाय असं समजून त्याच मिनिटाला निघा. ओव्याचं पाणी वगैरे करत बसू नका.

---

मोत्याची_माय
शुक्रवार, संध्याकाळी ६:२०

मंगळवारी जळगावला नेलं होतं, पाचोऱ्याच्या डॉक्टरांनीच पाठवलं. प्लेटलेट ३८ हजार निघाल्या. रक्ताच्या पट्टीवर बबेसिया नाही, एर्लिकियाची किटवरची चाचणी पॉझिटिव्ह. सलाइन, आणि डॉक्सिसायक्लिन (अँटिबायोटिक) २८ दिवस. आज सकाळी भाकरी मागितली त्याने. सासरे म्हणतात खायला लागला, आता गोळ्या कशाला? आणि गोळ्या दुधात दिल्या तर चालतील का, नुसत्या थुंकतो.

---

पशुवैद्य_धुळे
शुक्रवार, संध्याकाळी ७:००

छान बातमी. प्लेटलेट साधारण दोन ते पाच लाख हव्यात, त्यामुळे अजून दोन आठवडे त्याला उड्या, मारामाऱ्या, शिकार यांपासून लांब ठेवा. खायला लागणं अपेक्षितच आहे, दोन-तीन दिवसांत फरक पडतो. जिवाणू तेवढ्यात जात नाही. २८ म्हणजे २८. सासऱ्यांना मी वर लिहिलेलं 'आत राहणाऱ्या आजाराचं' वाचून दाखवा. दुधात-ताकात नको, कॅल्शियममुळे औषध अंगी कमी लागतं. भाकरीच्या तुकड्यात दाबून द्या आणि वर थोडं पाणी पाजा, गोळी घशाशी अडकली तर अन्ननलिकेला जखम होते. कोर्स संपल्यावर पुन्हा रक्तमोजणी.

---

मोत्याची_माय
शुक्रवार, संध्याकाळी ७:१८

अंगावरचे गोचीड हाताने काढून चिरडले तर चालेल? आणि शेतावर अजून एक काळू आहे, तो चांगला दिसतोय.

---

पशुवैद्य_धुळे
शुक्रवार, संध्याकाळी ७:४०

चिरडू नका. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा आणि स्पिरिटच्या बाटलीत टाका. कुत्र्याचा तपकिरी गोचीड अंगावर अंडी घालत नाही. पोट भरलेली मादी खाली पडते आणि भिंतीच्या फटीत, दगडांच्या सांध्यात हजारोंनी घालते. कुत्रा स्वच्छ केला आणि गोठा तसाच ठेवला तर महिन्याभरात पुन्हा तेच. फटी सिमेंटने बुजवा. फवारणीचं औषध डॉक्टरांना विचारून घ्या, आणि तेवढा वेळ गुरं आणि कुत्री बाहेर ठेवा. काळूचंही रक्त तपासा. दोघांना तोंडाने द्यायची गोचिडाची गोळी मिळते, एक प्रकार महिनाभर चालतो, दुसरा तीन महिने. आधी कधी फिट आली असेल तर ते डॉक्टरांना सांगा, अशा कुत्र्यांना ती जपून देतात.

---

मोत्याची_माय
शुक्रवार, रात्री ८:०२

फिट नाही आली कधी. काळूला उद्या नेते. गवंडी सोमवारी येतो म्हणालाय. सासरे विचारतात, फवारल्यावर गाय किती तासांनी आत बांधायची?

---

पशुवैद्य_धुळे
शुक्रवार, रात्री ८:१५

जमीन-भिंती पूर्ण सुकल्यावर, आणि डबीवर लिहिलेला वेळ उलटल्यावर. गव्हाण झाकून फवारा, पाण्याची टाकी रिकामी करून धुऊन मग भरा. डबीच्या लेबलचा फोटो व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, बघून सांगतो.